कुटुंबाचे आरोग्य : मानेला मार लागल्यावर हात वाचवा



झाडावरून, विहिरीत किंवा उसाच्या ट्रॉलीवरून पडून मानेचा मणका मोडतो आणि घरचा कर्ता माणूस अंथरुणाला खिळतो. धाराशिव जिल्ह्यातल्या कष्टकऱ्यांना हा धोका नवा नाही. पाय गेल्याचे दुःख मोठेच. पण स्वतःच्या हाताने घास घेता आला, तर माणसाचा स्वाभिमान टिकतो.

काही रुग्णांची बोटे हलत नाहीत, पण मनगट उचलता येते. मनगट वर केले की बोटे आपोआप मिटतात, खाली सोडले की उघडतात. सरावाने या पकडीत हलका पेला धरता येतो. म्हणून मनगट वर असताना बोटे ताणून सरळ करू नका. पकड कायमची ढिली होते. बोटे उघडायची तर आधी मनगट खाली सोडा. पकड नसेल, तर तळहाताला पट्टा बांधून त्यात चमचा अडकवा. हाताला चटका कळत नाही, म्हणून चहा निववून द्या.

अंगारे-धुपाऱ्यात दिवस घालवू नका. फिजिओथेरपी लवकर सुरू करा. मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. २०१६ च्या कायद्याप्रमाणे अपंगत्वाचे प्रमाणपत्र मागणे हा हक्क आहे, भीक नव्हे.

भगवान बुद्धांनी आनंदासह आजारी भिक्खूला स्वतः आंघोळ घातली होती. घरातल्या रुग्णाची सेवा हाही धम्मच.