एक विषाणू मारताना दुसरा विसरू नका

हेपॅटायटिस सीचा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला. त्याआधी डॉक्टर या काविळीला ‘ए नाही, बी नाही’ एवढेच म्हणू शकत. बीचा छडा दोन दशके आधीच लागला होता. दोन्ही विषाणू रक्तातून पसरतात. न तपासलेले रक्त, पुन्हा वापरलेली सुई, नीट न उकळलेली सिरिंज या एकाच वाटेने ते अनेकदा एकाच माणसाच्या यकृतात शिरले.

१९९०च्या दशकात त्यांच्यावर इंटरफेरॉन हाच मुख्य आधार होता. आठवड्यातून तीन इंजेक्शने, ताप, खचलेले मन, आणि इतके सोसूनही बहुतेकांचा सी हटत नसे. तो काळ परत यावा असे कोणीही म्हणणार नाही. मात्र इंटरफेरॉनचा थोडाफार मारा बीवरही पडायचा, हे लक्षात ठेवायला हवे.

२०१३च्या अखेरीस सीवरचे सोफोसबुविर हे औषध आले. अमेरिकेत एका गोळीला १,००० डॉलर पडत. भारतीय कंपन्यांच्या जेनेरिकमुळे ती किंमत कोसळली, आणि २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात हे उपचार मोफत मिळू लागले. बहुतेकांना बारा आठवडे गोळ्या पुरतात आणि दहांतले नऊहून अधिक रुग्ण पूर्ण बरे होतात. आपल्या पिढीने पाहिलेला वैद्यकातला हा फार मोठा विजय आहे.

पण नव्या गोळ्या फक्त सीवर चालतात, आणि सी यकृतात असेपर्यंत बीला दाबून ठेवतो. सी गेला की बी उसळू शकतो. मुख्य चाचण्यांतून बीचे रुग्ण वगळलेले होते, त्यामुळे हा धोका औषध बाजारात आल्यावरच उघड झाला. ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने ठळक इशारा दिला. तोवर नोंदलेल्या २४ रुग्णांपैकी दोघे दगावले होते, एकाला यकृत प्रत्यारोपण करावे लागले होते. ज्यांचा सी बरा होत होता, त्यांच्याच वाट्याला हे यावे, याची खंत वाटते.

एचआयव्हीसोबत बीही असलेल्या रुग्णांत हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने घडते. त्यांच्या रोजच्या गोळीतले टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन बीलाही रोखतात. कोणी गोळी बदलताना ही दोन्ही काढली, तर बी भडकू शकतो. मणिपूर, पंजाबात सुईने नशा करणाऱ्यांमध्ये या विषाणूंची गाठ वारंवार पडते, तिथे ही चूक जिवावर बेतू शकते.

उपचार सोपे झाले की तपासणी गाळण्याचा मोह होतो. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना विनंती आहे: सीची पहिली गोळी देण्याआधी बीचा एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी तपासा, एचआयव्हीही पाहा. एचबीएसएजी पॉझिटिव्ह असेल तर टेनोफोविर किंवा एन्टेकाविर सोबत सुरू करा आणि सीचा कोर्स संपल्यावरही किमान बारा आठवडे थांबवू नका. ही औषधेही सरकारी कार्यक्रमात मोफत आहेत.