पहिल्या रुपयाचे दान



आहार, औषध, ज्ञान आणि अभय असे दानाचे चार प्रकार आपल्या परंपरेने सांगितले आहेत. यांपैकी पहिल्या दोहोंत परभणी जिल्ह्यातील आपल्या समाजाने हात कधी आखडता घेतलेला नाही. भोजनशाळा वा नेत्रशिबिर यांसाठी वर्गणी सहज जमते. मनाच्या आजारांवरील संशोधनासाठी कोणी निधी मागितला, तर मात्र "यातून निष्पन्न काय होणार?" असा प्रश्न आधी उमटतो.

प्रश्न व्यापाऱ्याला शोभणारा आहे आणि त्याचे उत्तर आपल्याच राज्यात आहे. नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात 2013 च्या सुमारास पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या एका केंद्राने 'आत्मीयता' हा प्रयोग आरंभला. गावातीलच विश्वासू माणसांना प्रशिक्षण द्यावे, त्यांनी खचलेल्याचे ऐकून घ्यावे, धीर द्यावा व गरज भासल्यास डॉक्टरांकडे पाठवावे, अशी ही साधी कल्पना. ती यशस्वी होईल याची खात्री नसताना 'ग्रँड चॅलेंजेस कॅनडा' या ना-नफा संस्थेने आरंभीचा निधी दिला. पुढे मुंबईच्या मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्हच्या साहाय्याने तेच काम गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात विस्तारले.

दुसरे उदाहरण आपल्यासारख्याच कापूसपट्ट्यातील आहे. अमरावती जिल्ह्यातील 30 गावांत टाटा ट्रस्टच्या निधीतून 'विश्राम' हा उपक्रम राबवण्यात आला. नैराश्यग्रस्तांपैकी मदतीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण 18 महिन्यांत 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले, असे 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नमूद आहे. ही तुलना आधीच्या व नंतरच्या स्थितीची आहे. सारे श्रेय उपक्रमालाच देता येत नाही. म्हणूनच पुढील संशोधन हवे.

बँक कर्ज देताना तारण व ताळेबंद पाहते. नवख्या संशोधनाकडे दोन्ही नसतात. शासनाचा कलही सिद्ध झालेल्या योजनेकडे असतो. तेव्हा पहिला रुपया धर्मादाय निधीतूनच यावा लागतो. बियाण्यावर खर्च करताना पावसाची हमी कोण मागतो?

शासनाने 2015 मध्ये शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी 'प्रेरणा' प्रकल्प ज्या 14 जिल्ह्यांत सुरू केला, त्यांत परभणी आहे. शेतकऱ्याचा उतरलेला चेहरा डॉक्टरांच्या आधी आडत दुकानात दिसतो. आपल्या घरांतही असे आजार सोयरिकीच्या भयाने झाकले जातात. तेव्हा हा विषय परका नाही.

माझी सूचना अशी: प्रत्येक संघाने पर्युषण वा दशलक्षण पर्वातील दानाचा लहानसा अंश अशा संशोधनासाठी राखावा. देताना अटी मात्र काटेकोर असाव्यात. नैतिकता समितीची मान्यता, रुग्णांची गोपनीयता, दरवर्षी तपासलेला हिशेब आणि निष्कर्ष प्रतिकूल आला तरी तो प्रसिद्ध करण्याची हमी घ्यावी. फळाची हमी मात्र मागू नये. कोणता मार्ग चुकीचा आहे हे कळणे, हेही ज्ञानदानच होय. आणि ज्याला रात्र वैऱ्याची वाटते, त्याला आधार मिळणे हे अभयदान.

तोवर कोणाला तातडीने बोलावेसे वाटल्यास शासनाची 'टेलि-मानस' सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. हा क्रमांक दुकानाच्या भिंतीवर लावण्यास वर्गणीचीही गरज नाही.