व्हाउचर तपासले, तिजोरीचे काय?

चेहऱ्यावर कायमचे व्रण ठेवणाऱ्या हट्टी मुरुमांवर आयसोट्रेटिनॉइनइतके गुणकारी औषध क्वचितच सापडेल. अमेरिकेत ते १९८२ पासून उपलब्ध आहे. परंतु गर्भवतीने ते घेतल्यास गर्भात गंभीर व्यंग निर्माण होण्याचा धोका फार मोठा. म्हणून २००६ पासून तेथे ‘आयप्लेज’ नावाची सक्तीची व्यवस्था लागू झाली. घाऊक विक्रेता, औषध दुकानदार, डॉक्टर आणि रुग्ण या चौघांचीही नोंदणी. गर्भधारणा संभवते अशा रुग्णाची दरमहा चाचणी. एका वेळी ३० दिवसांपुरतेच औषध, आणि तेही चाचणीनंतर सात दिवसांत नेले तरच. औषधांच्या व्यापारात असलेल्या वाचकाला हे वाचूनच धसका बसावा.

एवढ्या बंदोबस्ताने काय साधले? कॅलिफोर्नियातील एका मोठ्या आरोग्यसंस्थेच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. आधीच्या, तुलनेने सैल व्यवस्थेत दर हजार उपचारक्रमांमागे ३.११ गर्भ या औषधाच्या संपर्कात येत होते, ‘आयप्लेज’नंतर २.६७. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक ठरत नाही.

ही गोष्ट एकाच औषधाची नव्हे. २००७ च्या कायद्याने अमेरिकेच्या औषध प्रशासनाला धोकादायक औषधांसाठी असे कार्यक्रम सक्तीचे करण्याचा अधिकार दिला. २०१३ मध्ये तेथील आरोग्य खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयाने अशा ४९ कार्यक्रमांची मूल्यमापने तपासली. सर्व उद्दिष्टे गाठली, असे प्रशासनाने ज्यांच्याविषयी ठरवले होते ते कार्यक्रम अवघे सात. परिणामकारकता मोजण्याची भरवशाची पद्धतच प्रशासनाला गवसलेली नाही, असेही त्या अहवालात नमूद आहे.

याचे मूळ बरेचसे हिशेबाच्या पद्धतीत आहे. किती पत्रके पाठवली, किती डॉक्टरांनी नाव नोंदवले, प्रश्नावलीची किती उत्तरे बरोबर आली, हे मोजणे सोपे. म्हणून तेच मोजले जाते. व्हाउचरवर सही आहे एवढे पाहून तपासनिसाने उठावे आणि तिजोरी उघडूच नये, तसा हा प्रकार.

आरोग्यशिक्षणाच्या क्षेत्रात लॉरेन्स ग्रीन यांनी १९७०च्या दशकात मांडलेला आणि पुढे मार्शल क्रॉयटर यांच्यासह विस्तारलेला ‘प्रिसीड-प्रोसीड’ हा आराखडा नेमका उलट्या टोकाने सुरू होतो. आधी शेवट ठरवायचा: कोणती हानी टळायला हवी? मग ती कोणाच्या कोणत्या वागणुकीने टळेल? त्यानंतर त्या वागणुकीमागचे तीन प्रकारचे घटक तपासायचे. माणसाला माहिती आहे का आणि ती पटली आहे का. पटूनही तसे वागण्याची सोय त्याला आहे का. आणि तसे वागल्यावर भोवतालून आधार मिळतो का. जैन वाचकाला पहिला भेद नवा नाही. सम्यक् ज्ञान आणि सम्यक् चारित्र ही दोन स्वतंत्र रत्ने मानली आहेत, ती उगाच नव्हे.

या कसोटीवर ‘आयप्लेज’ ठेवली की दुखणे कोठे आहे ते दिसते. माहिती देण्यावर भर भरपूर, सोयीकडे मात्र दुर्लक्ष. १३ डिसेंबर २०२१ रोजी नोंदणीची संगणकप्रणाली बदलली, तेव्हा असंख्य डॉक्टर, दुकानदार व रुग्णांना आत प्रवेशच मिळेना. दूरध्वनीवर ताटकळूनही दाद लागेना. नियम तोंडपाठ असलेल्या, चाचणी वेळेवर केलेल्या रुग्णांचे उपचार त्यामुळे खंडित झाले. पहिल्या औषधाची सात दिवसांची मुदत हुकली तर पुन्हा १९ दिवस थांबण्याची अट होती, ती वेगळीच.

नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रशासनाने ही अट काढण्याचे आणि उपचार सुरू झाल्यावर घरच्या घरी केलेली चाचणीही ग्राह्य धरण्याची मुभा देण्याचे आदेश दिले. घरच्या चाचणीचा निकाल रुग्ण खराच सांगेल कशावरून, ही शंका रास्त आहे. आणि ती प्रशासनालाही आली असावी, कारण खोट्या निकालांना आळा घालण्याची तजवीज करण्याचे बंधनही त्याच आदेशात घातले आहे.