पिल्लाचे वजन

मुलांच्या हट्टापायी गिनीपिगची जोडी घरी येते आणि दोन-अडीच महिन्यांत पिंजऱ्यात पिल्ले दिसू लागतात. मांजरीच्या पिल्लांसारखी ती आंधळी नसतात. अंगावर केस असतात, डोळे उघडे असतात आणि एक-दोन दिवसांत ती गवत कुरतडू लागतात. या चपळपणामुळेच घरच्यांची फसगत होते. आजार लपविणे हा या भित्र्या प्राण्याचा स्वभाव असल्याने पिल्लू मलूल दिसेपर्यंत पुष्कळदा उशीर झालेला असतो. वजन मात्र त्याआधीच घटू लागते.

म्हणून ग्रॅम दाखविणारा काटा व वेगळा ठेवलेला एक वाडगा हाताशी असावा. जन्मतः पिल्लू साधारण ६० ते १०० ग्रॅमचे असते. पहिल्या दोन-तीन दिवसांत थोडी घट चालते. पुढे दिवसाला सुमारे ३ ते ५ ग्रॅम वाढ अपेक्षित आहे. तीन आठवडे रोज व नंतर आठवड्यातून एकदा, ठरावीक वेळी वजन करावे. मुलांनी ते वहीत लिहावे. सलग दोन दिवस आकडा उतरला, तर वाट पाहू नये.

वाढ खुंटण्यामागे बहुधा आहार असतो. माणसाप्रमाणेच गिनीपिगच्या शरीरातही ‘क’ जीवनसत्त्व तयार होत नाही. १९०७ साली नॉर्वेतील होल्स्ट आणि फ्रोलिश यांना याच प्राण्यात स्कर्व्ही आढळला व माणसाच्या त्या रोगाचे कोडे सुटण्यास मदत झाली. सशांसाठीच्या तयार खाद्यावर वाढणारी पिल्ले याच उणिवेने लंगडतात व खाणे सोडतात. ढोबळी मिरची, कोथिंबीर रोज थोडी द्यावी. पेरूची एखादी लहान फोड अधूनमधून पुरे. मुख्य अन्न मात्र गवतच. स्वच्छ धुतलेली हरळी, वाळलेले गवत आणि सहा महिन्यांपर्यंत थोडा लसूणघास द्यावा. बिस्किटे, पोळी नकोच.

उमरीच्या शिवारात ज्वारी मुबलक, पण तिची कोवळी हिरवी ताटे पिल्लांना घालू नयेत. त्यांच्या विषबाधेने गुरे दगावतात, हे शेतकऱ्यांस सांगावयास नको. वैशाखात पत्र्याखालचा पिंजरा तर भट्टीच होय. उष्म्याने खाणे घटते, वजन उतरते आणि उष्माघाताने जीवही जातो. पिंजरा घरातील सर्वांत थंड खोलीत असावा.

नर पिल्ले तीन आठवड्यांची होताच वेगळी करावीत. कोवळ्या मादीचे वजन एकाएकी भराभर वाढले, तर ते बाळसे नसून गर्भ असू शकतो.

घरातील उरलेले प्रतिजैविक देण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. माणसाला चालणारे अमॉक्सिसिलिन तोंडावाटे दिल्यास गिनीपिगच्या आतड्यातील उपयुक्त जंतू मरतात व प्राणीही मरतो. पिल्लाने अर्धा दिवस अन्नाला तोंड लावले नाही, तर वजनाची वही घेऊन पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. तेथे उपाय झाला नाही, तर उदगीर व परभणी येथे पशुवैद्यक महाविद्यालये आहेत.