खाटा किती, आणि किती लांब?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत कुणी गंभीर जखमी झालं, की सावरगाव असो नाहीतर पांढुर्णा, शब्द एकच: नागपूरला न्या. वर्षभरही तेच. माझ्या आजीला रात्री नेलं, खाट मिळेपर्यंत उजाडलं.

२०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात हजार माणसांमागे दोन खाटांचं उद्दिष्ट आहे. त्या ‘गोल्डन अवर’मध्ये, म्हणजे तासाभरात, गाठता याव्यात असंही त्यात आहे. आपण आकड्यावर भांडतो, हे विसरतो. इथून नागपूर शंभरेक किलोमीटर. तास तर गाडी शोधण्यातच जातो! १९५६पर्यंत नागपूर मध्य प्रदेशचीच राजधानी होती. आता तिथल्या खाटा महाराष्ट्राच्या हिशोबात.

२०२३ला पांढुर्णा जिल्हा झाला. मित्रांनो, खाटा किती वाढणार हे विचाराच; पण रात्री दोनला त्यांच्याजवळ डॉक्टर, नर्स असणार का, तेही विचारा.