नेम यंत्राचा, जबाबदारी कोणाची?

अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या ट्रॅकिंगपॉइंट या कंपनीने २०१३ साली एक रायफल बाजारात आणली. तिच्या दुर्बिणीत संगणक होता. नेमबाजाने दुर्बिणीतून लक्ष्य पाहावयाचे, एक कळ दाबून त्यावर खूण करावयाची आणि चाप ओढून धरावयाचा. नळी आणि खूण यांची रेषा जुळेपर्यंत यंत्र गोळी सुटूच देत नसे. अंतर, तापमान, हवेचा दाब, बंदुकीचा कल या साऱ्यांचे गणित दुर्बीण करीत असे. नवखा माणूसही हजार यार्डांवरचे लक्ष्य टिपू शकेल, असा कंपनीचा दावा होता. तेव्हा नेमबाजाच्या कौशल्याचे काय, हा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक होते.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला हा प्रश्न नवा नाही. कारागिराच्या हातातले कसब काढून ते यंत्रात भरावयाचे, हीच औद्योगिक युगाची कहाणी आहे. शस्त्रांच्या बाबतीत तर ती त्याहूनही जुनी आहे. इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्ड राजाने १३६३ साली सणासुदीच्या दिवशी प्रजेने धनुर्विद्येचा सराव करावा, असे फर्मान काढले. कारण लांब धनुष्य पेलणारा तिरंदाज घडावयास वर्षे लागत. पुढे बंदूक आली. आरंभीची बंदूक धनुष्याहून मंद होती आणि तिचा नेमही बेभरवशाचा होता. तथापि ती चालविणारा शिपाई अल्पावधीत तयार होई. धनुष्य मागे पडण्याचे हे एक प्रमुख कारण होते. तंत्र श्रेष्ठ असले म्हणजेच जिंकते असे नाही. माणूस तयार करण्याचा खर्च वाचविणारे तंत्रही जिंकते.

टेक्सासच्या रायफलीचे अर्थकारण मात्र उलटे होते. शिकण्याचा खर्च वाचला, पण यंत्राची किंमत वीस हजार डॉलरच्या घरात गेली. हौशी आणि धनिक शिकाऱ्यापलीकडे गिऱ्हाईक मिळणे कठीण होते. दोनच वर्षांत, २०१५ मध्ये, कंपनी आर्थिक अडचणीत सापडली. परंतु एक कंपनी अडखळली म्हणून कल्पना संपत नाही. अमेरिकी लष्कराने जानेवारी २०२२ मध्ये अंतर मोजणाऱ्या व गणित करणाऱ्या अडीच लाखांपर्यंत दुर्बिणींचा करार केला. त्याची कमाल मर्यादा २७० कोटी डॉलर. साधा भागाकार केला तरी एका दुर्बिणीमागे सुमारे १०,८०० डॉलर पडतात. इस्राएलमध्ये तयार झालेली ‘स्मॅश’ ही प्रणालीही नेम जुळल्यावरच गोळी सोडते. उडत्या ड्रोनचा वेध घेण्यासाठी तिचा विशेष उपयोग सांगितला जातो.

मग कसब संपले काय? वस्तुतः ते संपलेले नाही, त्याची जागा बदलली आहे. हजार यार्ड ओलांडावयास गोळीला एका सेकंदाहून अधिक वेळ लागतो. तेवढ्या अवधीत वारा तिला वाटेवरून ढकलतो, आणि वाटेतला वारा सर्वत्र सारखा नसतो. म्हणूनच त्या पहिल्या रायफलीतही वाऱ्याचा वेग माणसालाच पाहून भरावा लागे. गवताची लव, धुळीचा कल, मृगजळाची थरथर वाचण्याची विद्या यंत्राला सहज उचलता आली नाही. क्रीडेच्या क्षेत्रात तर प्रश्नच वेगळा आहे. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळविले, ते दुर्बिणीविना. तेथे कसब हेच साध्य आहे. साधनच सारे करू लागले तर पदकाला अर्थ उरत नाही.

रणांगणावर आणि समाजात मात्र कसबाला आणखी एक मोल होते, ज्याची नोंद कोणत्याही हिशेबात होत नाही. दुरून अचूक मारण्याची विद्या दुर्मिळ होती, ती शिस्तीतून आणि गुरूच्या नजरेखाली मिळत असे. ही दुर्मिळताच एक कुंपण होती. वर्षानुवर्षांच्या साधनेने मिळणारी शक्ती पैसे मोजून मिळू लागली की ते कुंपण ढासळते. सरावाबरोबर येणारा संयमही दुकानात मिळत नाही.

जबाबदारीचा प्रश्न याहूनही बिकट आहे. २०१५ मध्येच दोन संशोधकांनी त्या रायफलीच्या बिनतारी जोडणीतून संगणकात शिरून दाखविले. आकडे बदलताच गोळी भलत्याच लक्ष्यावर गेली. चाप ओढल्यावाचून गोळी उडविणे त्यांना जमले नाही, एवढाच काय तो दिलासा. उद्या अशी चूक जिवावर बेतली, तर अपराधी कोण? चाप ओढणारा, गणित लिहिणारा की यंत्र विकणारा? नेम चुकला तर पूर्वी उत्तर देणारा एकच होता. श्रमविभागणीने उत्पादन वाढते हे आपण विद्यार्थ्यांना शिकवितो; अपराधाची विभागणी झाली की तो कोणाचाच राहत नाही, हेही शिकविले पाहिजे.

यंत्राला अंतर कळते, वेग कळतो, उष्णता कळते. समोरचा शत्रू आहे की शरण येणारा, हे त्या रायफलीच्या गणितात कोठेच नव्हते. खूण करणारी कळ माणसाच्याच बोटाखाली होती. म्हणून शिक्षणाचा जो खर्च नेमावर वाचेल, तो विवेकावर करावा लागेल. ज्या देशाच्या लष्कराला वा पोलिसांना ही यंत्रे घ्यावयाची असतील, त्याने खरेदीच्या कागदावर सही करण्यापूर्वी उत्तरदायी कोण, हे लिहून ठेवावे. नेम यंत्राकडे सोपविता येईल. निर्णय सोपविता येणार नाही.