बालवाचा-अप्रॅक्सियाच्या उपचारासाठी वाचा-उपचारतज्ज्ञांना विशेष प्रशिक्षण आणि मावळ तालुक्यात नियमित उपचारसेवा मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
पुणे जिल्हा, पुणे.

विषय : बालवाचा-अप्रॅक्सिया असलेल्या मुलांचे वेळेवर निदान व उपचार होण्यासाठी वाचा-उपचारतज्ज्ञांचे विशेष प्रशिक्षण सुरू करणे, तसेच मावळ तालुका व लोणावळा येथे उपचाराचे निश्चित दिवस ठरवून देणे.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून मावळ तालुका व लोणावळा परिसरातील पालक, शिक्षक आणि वाचा-उपचार क्षेत्रात काम करणाऱ्या व्यक्तींच्या वतीने हे निवेदन सादर करण्यात येत आहे. बोलण्यासाठी लागणाऱ्या हालचालींची आखणी मेंदूकडून नीट न झाल्याने ज्या मुलांची वाचा अडते, त्यांना योग्य निदान व पुरेसे उपचार तालुक्यातच मिळावेत आणि त्यासाठी जिल्ह्यातील वाचा-उपचारतज्ज्ञांना या विकाराचे प्रत्यक्ष सरावासह प्रशिक्षण देण्यात यावे, ही या निवेदनाची मुख्य मागणी आहे.

विकाराचे स्वरूप

श्वास, स्वरयंत्र, टाळू, जीभ आणि ओठ यांच्या हालचाली योग्य क्रमाने व योग्य क्षणी जुळून आल्या म्हणजे शब्द उमटतो. बालवाचा-अप्रॅक्सियात स्नायूंची दुर्बलता हे मूळ कारण नसते आणि काय म्हणायचे आहे हे मुलाला बहुधा ठाऊक असते. परंतु त्या हालचालींची आखणी व क्रमवारी बिनचूक होत नाही. स्नायूंच्या दुर्बलतेमुळे किंवा त्यांवरील ताबा सुटल्यामुळे होणाऱ्या डिसार्थ्रिया या विकारापासून आणि नेहमीच्या उच्चारदोषांपासून तो म्हणूनच वेगळा ठरतो. बोबडे बोलणारे मूल ‘र’च्या जागी बहुतेक वेळा ‘ल’ म्हणते, त्यामुळे त्याच्या चुकीला एक रीत असते; अप्रॅक्सिया असलेले मूल मात्र ‘पाणी’ हा शब्द एकदा ‘पाई’, लगेच ‘तानी’ आणि तिसऱ्यांदा नुसते ‘आई’ असा उच्चारू शकते, आणि कधी तोच शब्द अवचित स्पष्ट उमटतो. मघाशी आले ते आता का येत नाही, असे घरात व वर्गात विचारले जाते आणि मुलावर हट्टीपणाचा शिक्का बसतो.

अमेरिकेतील वाचा, भाषा व श्रवण तज्ज्ञांच्या संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भूमिकापत्रात या विकाराची तीन लक्षणे नमूद आहेत : एकच शब्द पुनःपुन्हा उच्चारताना स्वर व व्यंजनांत बदलत्या चुका होणे, एका ध्वनीवरून दुसऱ्यावर जाताना उच्चार लांबणे किंवा तुटणे, आणि बोलण्यातील आघात व चढउतार बिघडणे. हजार मुलांमागे एक ते दोन मुलांना हा विकार असावा, असा अंदाज या विषयावरील लिखाणात वारंवार दिला जातो. काही मुलांत त्याचे मूळ जनुकीय असते; ‘फॉक्सपी२’ या जनुकातील बदल आणि वाचेची ही अडचण यांचा संबंध २००१ मध्ये एका ब्रिटिश कुटुंबाच्या अभ्यासातून स्पष्ट झाला. अनेक मुलांत मात्र निश्चित कारण सापडत नाही. आईवडील मुलाशी कमी बोलले म्हणून हा विकार होत नाही, त्यामुळे पालकांना दोष देणे अन्यायाचे आहे.

विशेष प्रशिक्षणाची आवश्यकता

भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला श्रवण व वाचा-भाषा विज्ञानाचा पदवी अभ्यासक्रम आंतरवासितेसह चार वर्षांचा असून त्यात श्रवणदोष, तोतरेपणा, दुभंगलेल्या टाळूमुळे येणारे वाचादोष, पक्षाघातानंतरचा वाचाघात, आवाजाचे व गिळण्याचे विकार असे विस्तीर्ण क्षेत्र शिकावे लागते. इतक्या व्याप्तीत क्वचित आढळणाऱ्या एका विकाराच्या वाट्याला मोजकाच वेळ येणे स्वाभाविक आहे, आणि त्यात पदवीधरांची कोणतीही कुचराई नाही. तथापि या विकाराचे निदान रक्ततपासणीने किंवा एखाद्या यंत्राने होत नाही. ते तज्ज्ञाच्या कानावर व निरीक्षणावर अवलंबून असते. मुलाला ‘पपप’, ‘ततत’, ‘ककक’ सहज जमते, पण ‘पतक’ म्हणताना क्रम कोलमडतो का, आणि तज्ज्ञाने सावकाश, सोबत बोलून आधार दिल्यास उच्चार किती सुधारतो, हे पारखण्याचे कौशल्य अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली अनेक मुले तपासल्यावरच अंगवळणी पडते.

उपचाराचेही तसेच आहे. एडिथ स्ट्रँड यांनी विकसित केलेल्या, ‘डीटीटीसी’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत तज्ज्ञ प्रथम मुलाबरोबर एकाच वेळी शब्द उच्चारतो, मग केवळ ओठांची हालचाल दाखवतो, त्यानंतर मुलाला ऐकून लगेच म्हणायला लावतो आणि अखेरीस थोडे थांबवून म्हणायला लावतो. मूल अडखळले की त्याच क्षणी आधार वाढवावा लागतो आणि जमू लागले की कमी करावा लागतो. हा निर्णय दर काही सेकंदांनी घ्यायचा असल्याने एका दिवसाच्या व्याख्यानातून तो शिकता येत नाही. २०१८ मधील कॉक्रन आढाव्याला या विकारावरील उपचारांचा एकच यादृच्छिक नियंत्रित अभ्यास निकषांत बसणारा आढळला. त्यात ४ ते १२ वर्षे वयाच्या २६ मुलांना ‘रेस्ट’ किंवा ‘नफील्ड’ यांपैकी एका पद्धतीने, दररोज एक तास, आठवड्यातून चार दिवस, असे तीन आठवडे उपचार देण्यात आले आणि दोन्ही गटांत सुधारणा दिसून आली. पुरावा अद्याप मर्यादित असला तरी सराव वारंवार हवा आणि तो प्रत्यक्ष शब्दांच्या उच्चाराचा हवा, ही दिशा स्पष्ट आहे. केवळ फुंकर मारणे, शिट्टी वाजवणे किंवा जिभेचे व्यायाम करणे यांमुळे या मुलांची वाचा सुधारते, याला भरवशाचा आधार नाही. तरीही प्रशिक्षणाअभावी मुलांचे मोलाचे महिने अशा व्यायामांत खर्ची पडू शकतात.

मराठी मुलांसाठी हे प्रशिक्षण मराठीतच असणे अगत्याचे आहे. इंग्रजी कसोट्यांत शब्दातील आघाताला मोठे स्थान आहे. मराठीत आघात बदलल्याने शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही, म्हणून तो निकष जसाच्या तसा लावता येत नाही. उलट, मराठी शब्द प्रत्ययांनी लांबत जातो. ‘घर’ स्पष्ट म्हणणारे मूल ‘घरात’वर थबकते, ‘घरातून’वर अडते आणि ‘घरातल्यांना’ म्हणताना पुरते विस्कटते का, हे पाहून अडचणीची तीव्रता पायरीपायरीने तपासता येईल. अशी साधने मराठी बोलणाऱ्या मुलांवर पडताळून तयार करणे आवश्यक असून ठाकर व कातकरी कुटुंबांतील मुलांच्या बोलीचाही त्यात विचार व्हावा, अन्यथा बोलीतील उच्चार चूक म्हणून नोंदवला जाण्याचा धोका राहील.

मावळातील अडचण

मुलांच्या आरोग्य तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून सुरू झाला. त्यानुसार फिरत्या पथकाने अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची एकदा तपासणी करणे आणि विकासात्मक अडचण असलेल्या मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवणे अपेक्षित असून भाषाविकासातील विलंब हा त्या कार्यक्रमाच्या यादीत समाविष्ट आहे. परंतु उशिरा बोलणाऱ्या सर्व मुलांची नोंद एकाच रकान्यात झाल्यास अप्रॅक्सिया असलेले मूल त्यात हरवते, आणि ‘मुलगे उशिराच बोलतात’ या समजुतीला आणखी एक-दोन वर्षे मिळतात.

निदान झाले तरी अंतराचा प्रश्न उरतो. अंदर मावळातील खांडी, नाणे मावळातील गोवित्री किंवा पवन मावळातील तिकोना परिसरातून प्रथम कामशेत वा वडगाव गाठायचे, तेथून लोकल किंवा एसटीने पुणे शहरात उतरायचे आणि पुढे औंधच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत जायचे, हा प्रवास आठवड्यातून तीन-चार वेळा करणे शेतमजुरी, हॉटेल वा कारखान्यातील रोजंदारीवर चालणाऱ्या कुटुंबाला परवडणारे नाही. पावसाळ्यात तर तो आणखी कठीण होतो. महिन्यातून एकदा मिळणारा उपचार या विकारात पुरेसा नसल्याने, सेवा लांब असणे हे बहुतांश कुटुंबांसाठी सेवा नसण्यासारखेच ठरते.

कायदेशीर आधार

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २५ नुसार शासन व स्थानिक प्राधिकरणांनी सर्व मुलांची वर्षातून किमान एकदा तपासणी करणे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांतील कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाची सोय करणे अभिप्रेत आहे, तर कलम १६ व १७ मध्ये समावेशक शिक्षणाची जबाबदारी सांगितली आहे. अधिनियमाच्या अनुसूचीत वाचा व भाषा दिव्यांगतेची व्याख्या ‘कायमस्वरूपी’ दिव्यांगता अशी असल्याने, उपचाराने सुधारू शकणाऱ्या लहान मुलाला प्रमाणपत्र मिळणे अवघड जाते; म्हणून प्रमाणपत्राअभावी उपचार रोखले जाऊ नयेत.

मागण्या

१. जिल्ह्यातील शासकीय व इच्छुक खाजगी वाचा-उपचारतज्ज्ञांसाठी मुंबईचे अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्थान आणि पुण्यातील भारती विद्यापीठाचे श्रवण व वाचाविज्ञान महाविद्यालय यांच्या सहकार्याने प्रशिक्षण सुरू करावे. त्यात सैद्धांतिक भागानंतर प्रत्यक्ष मुलांवरील देखरेखीखालील काम व उपचाराच्या चित्रफितींचे परीक्षण अनिवार्य असावे आणि पुनर्वास परिषदेच्या निरंतर शिक्षणाच्या गुणांकनासाठी मान्यता घ्यावी.

२. याच संस्थांकडून मराठी मूल्यमापन साधने व सरावाचे साहित्य तयार करून घ्यावे आणि ते विनामूल्य उपलब्ध करावे.

३. कान्हे येथील शासकीय रुग्णालयात व लोणावळ्यात प्रशिक्षित तज्ज्ञ आठवड्यातून किमान तीन निश्चित दिवस उपलब्ध असावा. दिवाळी व उन्हाळी सुटीत सलग तीन आठवड्यांची सघन उपचारसत्रे घ्यावीत आणि मधल्या काळात पालकांना दूरदृश्य माध्यमातून मार्गदर्शन मिळावे.

४. तपासणी पथके, अंगणवाडी सेविका व आशा स्वयंसेविकांना लक्षणांची छोटी मराठी सूची द्यावी. उशिरा बोलणाऱ्या प्रत्येक मुलाची प्रथम श्रवणचाचणी व्हावी.

५. समग्र शिक्षा अंतर्गत कार्यरत विशेष शिक्षकांना या विकाराची माहिती द्यावी, तोंडी परीक्षेत मुलाला लेखी वा चित्रांद्वारे उत्तर देण्याची मुभा असावी, आणि पुढे वाचन-लेखनात अडचण येण्याची शक्यता लक्षात घेऊन त्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवावे.

६. ज्या मुलांची वाचा अद्याप सुटलेली नाही, त्यांना चित्रफलकासारखी संवादसाधने द्यावीत. अशा साधनांमुळे मूल बोलायचे थांबते, ही भीती निराधार आहे.

७. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या दिव्यांग कल्याणासाठीच्या ५ टक्के राखीव निधीतून पालकांचा प्रवासखर्च व साहित्याचा खर्च देण्याची तरतूद करावी, त्यासाठी आवश्यक असल्यास शासनाकडे प्रस्ताव पाठवावा.

८. किती मुलांची तपासणी झाली, किती जणांचे निदान झाले आणि प्रत्येकाला किती सत्रे मिळाली, याचा तालुकानिहाय आढावा दरवर्षी प्रसिद्ध करावा.

वरील मागण्यांसाठी नवी इमारत किंवा नवे यंत्र लागत नाही. असलेल्या तज्ज्ञांना पुढचे कौशल्य देणे आणि त्यांना मुलांच्या जवळ आणणे एवढेच लागते. बालपणीची ही वर्षे परत येत नाहीत. तरी आरोग्य, शिक्षण व दिव्यांग कल्याण या विभागांची संयुक्त बैठक तातडीने बोलवावी, आगामी शैक्षणिक वर्ष सुरू होण्यापूर्वी प्रशिक्षणाची पहिली तुकडी व मावळातील उपचाराचे दिवस निश्चित करावेत आणि झालेला निर्णय लेखी कळवावा, ही नम्र विनंती.

स्थळ : वडगाव मावळ

आपले विनीत,
मावळ तालुका व लोणावळा परिसरातील पालक, शिक्षक व वाचा-उपचारतज्ज्ञ

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी :
१. मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, पुणे
२. मा. जिल्हा शल्यचिकित्सक, जिल्हा रुग्णालय, औंध
३. मा. तहसीलदार, मावळ
४. मा. मुख्याधिकारी, लोणावळा नगर परिषद
५. मा. मुख्याधिकारी, तळेगाव दाभाडे नगर परिषद